आमच्या इंदूरला असं नसतं

पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांत हे वाक्य मी लहानपणापासून दिवसातून चारदा तरी ऐकलं. वरण पातळ झालं, रिक्षावाल्याने वाकडं तोंड केलं, शेजारच्यांनी पाहुण्याला नुसत्या चहावर वाटेला लावलं, की माई म्हणायची, "आमच्या इंदूरला असं नसतं."

माई म्हणजे माझी आजी. इंदूरच्या रामबागेतली मुलगी. १९५६ साली, विसाव्या वर्षी लग्न होऊन शनिवार पेठेत आली आणि ६८ वर्षं राहूनही पुणेकर झाली नाही, अशी आमची समजूत होती. गेल्या वर्षी कार्तिकात ती गेली. यंदा वर्षश्राद्धाच्या रात्री भांडी आवरताना आत्या म्हणाली, "एकदा जाऊन बघून येऊ या का गं? खरंच असं नसतं का ते."

आई, आत्या आणि मी निघालो. बाबांचे गुडघे घरी राहिले, त्यांच्यासोबत बाबाही. पुण्याहून दुपारी सुटणारी गाडी गुजरातमधून वळसा घेऊन सकाळी इंदूरला सोडते. दोन्ही ज्येष्ठ मंडळींना खालचे बर्थ हवे असतील तर तिकिटं खूप आधी काढा, एवढंच सांगते.

माईची वहिनी, आमची मामीआजी, अजून रामबागेतल्या जुन्या घरातच राहते. पण ती देवासला लेकीकडे गेली होती, रविवारी परतणार होती. म्हणून आधी फिरायचं आणि मग भेटायचं, असं ठरलं.

दिवस पहिला, गुरुवार: पोहे आणि राजवाडा

सामान टाकून पहिलं काम पोह्यांचं. माईचा सगळ्यात मोठा दावा हाच होता. गाडीवाल्याने उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर पोह्यांची परात ठेवलेली, त्यामुळे पोहे वाफेवर गरम आणि मऊ. वर कांदा, शेव, डाळिंबाचे दाणे आणि जिरावण नावाचा काळपट, आंबटसर मसाला. सोबत जिलबी. आणि पोह्यांत बडीशेप!

त्या पहिल्या घासाला आत्या हसायलाच लागली. माईच्या रविवारच्या पोह्यांत बडीशेप असायची आणि घरातले सगळे ती एकेक करून ताटलीच्या कडेला काढून ठेवायचे. आईच्या हाती स्वयंपाकघर आल्यावर ती आपोआप बंद झाली. इथे आम्ही तिघींनी बडीशेपेसकट दोन-दोन प्लेटी संपवल्या. आत्या म्हणाली, "एक दावा खरा." आई काही बोलली नाही. ती पोहे चमच्याने उचलून, नीट बघून खात होती. (पोहे सकाळीच खा. नंतर मिळतात, पण ती चव उतरलेली असते.)

राजवाड्याबद्दल माईचं मत असं, की त्याच्यासमोर तुमचा शनिवारवाडा म्हणजे नुसती भिंत. पुणेकराने हे ऐकून घेणं कठीण, पण चौकात उभं राहिल्यावर मला तिची बाजू कळली. सात मजली दरवाजा तुमच्या अंगावर येतो. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा. हा वाडा १९८४च्या दंगलीत जळला होता, नंतर पुन्हा उभा केला. बाबा सांगतात, पेपरात ती बातमी आली त्या दिवशी माईने स्टोव्ह पेटवला नाही. घरात सासूबाई अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या, दोन शाळकरी भाचे शिकायला राहिलेले, आणि माई खिडकीशी बसून. स्वयंपाकाला तिने आयुष्यात घेतलेली ती एकच सुट्टी. आजोबांनी सगळ्यांना खानावळीत नेलं.

रात्री सराफा. दिवसभर सोन्याचांदीची पेढी असलेल्या गल्लीत दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात. भुट्ट्याचा कीस, म्हणजे मक्याचे दाणे किसून दुधात शिजवलेला तिखट-गोड प्रकार, पहिल्याच फेरीत संपला. मग गराडू. हा कंद हिवाळ्यातच मिळतो. तुकडे तळून त्यावर लिंबू आणि पुन्हा जिरावण. आईने "कमी तिखट" म्हटल्यावर गाडीवाला दुखावला. "अम्मा, फिर खाया ही क्या!"

दोन गोष्टी लक्षात ठेवा. जेवून सराफ्यात जाऊ नका आणि तिघांत एकच प्लेट घ्या, नाहीतर चौथ्या गाडीवर हात टेकाल. बसायला जागा जवळजवळ नाहीच. आत्याला शेवटी एका पेढीच्या पायरीवर बसवलं, तर तिथल्या रखवालदाराने स्वतःची खुर्ची आणून दिली. आत्याने माझ्याकडे बघून दोन बोटं वर केली. दुसरा दावा.

दिवस दुसरा, शुक्रवार: महू, जाम दरवाजा आणि एक जनरेटर

महेश्वर, म्हणजे अहिल्याबाईंची राजधानी, इंदूरपासून साधारण ९० किलोमीटर. मोठ्या रस्त्याने धामनोदवरून लवकर पोचता, पण आम्ही महूवरून जामघाटाची वाट घेतली आणि तुम्हीही घ्या. महूत बाबासाहेबांचं जन्मस्थान आहे. स्मारकात आमच्यापुढे परभणीहून आलेली एक बस होती. बायका पायऱ्यांना हात लावून कपाळाला लावत होत्या. एका आजीबाईंनी आईच्या हातात न विचारताच लाडू ठेवला.

पुढे घाटाच्या माथ्यावर जाम दरवाजा. अहिल्याबाईंच्या काळात बांधलेली दगडी वेस, ऐन विंध्याच्या कडेवर. मागे माळव्याचं पठार आणि दरवाजातून पाऊल टाकलं की एकदम खाली निमाडचा सखल मुलूख. आम्ही पोचलो तेव्हा खाली धुकं भरलेलं होतं. रस्ता त्यात उतरत होता आणि दिसेनासा होत होता. टपरीवर चहा आणि शेकलेलं कणीस मिळालं. वारा फार असतो, कान बांधायला काहीतरी ठेवा.

महेश्वरात "नदी दिसणारी खोली" म्हणून आगाऊ पैसे भरलेल्या खोलीच्या खिडकीतून जनरेटर दिसत होता. नदी दिसायची, पण न्हाणीघराच्या झरोक्यातून आणि स्टुलावर चढल्यावर. भांडून दुसरी खोली मिळाली नाही. खिडकीतून नेमकं काय दिसतं त्याचा फोटो आधी मागवून घ्या. आत्या म्हणाली, "माई असती तर म्हणाली असती, खोली हवेशीर आहे." आम्ही हसलो. या वाक्याला रविवारी मला पुन्हा हात लावावा लागणार आहे.

संध्याकाळी घाटावर गेलो. किल्ल्याची भिंत सरळ पाण्यापर्यंत उतरलेली, पायऱ्यांवर जागोजाग शिवलिंगं, आणि नर्मदा इतकी रुंद, संथ, की वाहते आहे हे एखादं पान वाहून जाताना दिसेल तेव्हाच कळावं. कुणी भेटलं की "नर्मदे हर." उत्तरही तेच. पायऱ्यांवर परिक्रमेला निघालेल्या नांदेडकडच्या एक मावशी पाय चोळत बसल्या होत्या. आम्ही नावेने मधल्या बाणेश्वराच्या देवळाला निघालो होतो, त्यांनाही चला म्हटलं. त्यांनी जीभ चावली. परिक्रमेत नदी ओलांडायची नाही, कायम उजव्या हाताला ठेवून चालायचं. वाटेत आश्रमांतून आणि घराघरांतून सदावर्त मिळतं, म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ. ते घ्यायचं आणि आपण शिजवायचं. "घरी पन्नास वर्षं रांधलं," त्या म्हणाल्या, "तिथं कुणी पीठ हातावर घालून नमस्कार नाही केला."

दिवस तिसरा, शनिवार: माईने न सांगितलेलं

पहाटे थंडी कडक होती. नाव घ्यायची तर सूर्य उगवायच्या आधी घ्या, नावाड्याशी आदल्या संध्याकाळीच बोलून ठेवा. घाटाच्या पायऱ्या दवाने निसरड्या होतात, म्हाताऱ्या माणसांना चपलांपेक्षा बूट बरे.

किल्ल्यातला राजवाडा बघून आई गोंधळली. वाडा तो, पण आपल्याकडच्या एखाद्या सधन इनामदाराचा असावा एवढाच. लाकडी खांबांची ओसरी, कौलं, आणि तिथे पांढरी गादी आणि लोड. सिंहासन वगैरे काही नाही. माई हे सांगायची: "राणीची गादी आपल्या ओसरीवर मावेल एवढी." तिसरा दावाही खरा निघाला.

जवळच लिंगार्चन चाललं होतं. काळ्या मातीची बोटभर शिवलिंगं, प्रत्येकावर तांदळाचा दाणा, लाकडी पाटांवर ओळीने मांडलेली. पूजा झाली की सगळी नर्मदेत. अहिल्याबाईंच्या वेळेपासून रोज हे चालत आलं आहे. सकाळीच होतं, उशीर केलात तर रिकामे पाट दिसतील.

अहिल्याबाईंची गोष्ट आम्हा नातवंडांना माईच्या तोंडूनच पाठ झालेली. चौंडीच्या माणकोजी शिंद्यांची मुलगी. मल्हाररावांनी सून करून आणली. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या, तेव्हा सासऱ्यांनी त्यांना थांबवलं. मग त्यांनी राज्य केलं, वेरूळच्या घृष्णेश्वरापासून काशीविश्वेश्वरापर्यंत देवळं बांधली, घाट बांधले, विहिरी खोदल्या. इथे माई पदराने तोंड पुसायची, म्हणजे गोष्ट संपली, झोपा.

तिथल्या म्हाताऱ्या वाटाड्याने मात्र गोष्ट पुढे नेली. १७६६ला सासरे गेले. पुढच्याच वर्षी एकुलता मुलगा मालेराव गेला. नंतर मुलीचा मुलगा गेला. आणि १७९१ साली जावई यशवंतराव फणसे गेले, तेव्हा मुलगी मुक्ताबाई सती निघाली. आईने विनवलं. ज्या बाईला सासऱ्याने थांबवलं होतं, तिला आपल्या मुलीला थांबवता आलं नाही. "वो सामने खड़ी रहीं," वाटाड्या म्हणाला आणि नदीकडे हात केला. त्यानंतर त्या चार वर्षं जगल्या. १३ ऑगस्ट १७९५ला गेल्या, वय ७०.

आत्या नदीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माईने हे कधीच सांगितलं नाही."

"तिला माहीत नसेल," मी म्हटलं.

"रामबागेतल्या मुलीला माहीत नसेल?" आईने विचारलं.

आई अहिल्याबाईंच्या पुतळ्यापाशी पुन्हा गेली आणि बोटांवर काहीतरी मोजत होती. विचारलं तर म्हणाली, नवरा, सासरा, मुलगा, नातू, जावई, मुलगी. "सहा. आणि आपण तिला देवी करून मोकळे झालो."

दुपार विणकरांकडे घालवली. महेश्वरला विणकर आणून वसवले ते अहिल्याबाईंनीच. पुढे हा धंदा बसत चालला तेव्हा १९७९ साली होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली या जोडप्याने रेहवा सोसायटी काढून बायकांच्या हाती माग दिले. आता गल्लीगल्लीतून खटखट ऐकू येते. उभा धागा रेशमी, आडवा सुती, म्हणून ही साडी हलकीही असते आणि चमकतेही. काठांवरची नक्षी किल्ल्याच्या भिंतींवरून उतरवलेली. चटाई, विटा, आणि लहर, म्हणजे नर्मदेच्या लाटा. आदल्या संध्याकाळी त्याच भिंतींना टेकून आम्ही दाणे खाल्ले होते.

माझ्या पर्समध्ये माईच्या नऊवारी माहेश्वरीच्या काठाचा वीतभर तुकडा होता. अंगूरी रंगाची ती साडी तिने तीस वर्षं नेसली आणि मग तिची माझ्यासाठी गोधडी केली. मागावरच्या बाईने तुकडा हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि मान डोलावली. जुना काठ दोन्ही बाजूंनी सारखा असतो. "एक तरफ से फीकी पड़े तो पलट के पहनो." आईला एकदम आठवलं, माई सणाला साडीची उलटी बाजू बाहेर काढायची आणि आजोबा म्हणायचे, नवी घेतलीस का?

साडी घ्यायची असेल तर माग बघायला मागा. यंत्रमागावरची नक्कल दुकानांतून सर्रास असते आणि बोलण्यात फरक कळत नाही. आम्ही दोन घेतल्या. आत्याने अंगूरी, आईने डाळिंबी.

दिवस चौथा, रविवार: रामबाग

मांडूचा किल्ला बघायचा राहिला. राहू दे. सकाळी लवकर निघून दहाला रामबागेत पोचलो.

मामीआजी ९१ वर्षांची आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला सगळं दिसतं, असं ती स्वतःच सांगते. तिचं मराठी म्हणजे माईचंच, फक्त माईने पुण्यात येऊन घासून पुसून काढलेलं हिंदी इथे तसंच राहिलेलं. "बसून काय राहिल्या? घ्या ना!" दाल-बाफले केले होते. बाफला म्हणजे कणकेचा गोळा आधी उकडायचा, मग भाजायचा, मग तुपात बुडवायचा. दोन खाल्ल्यावर माणूस खुर्चीतून उठत नाही.

जेवताना आत्याने सहज म्हटलं, की मामी, माईचे सगळे दावे तपासले, सगळे खरे निघाले. आयुष्यभर आम्ही ऐकलं, आमच्या इंदूरला असं, आमच्या इंदूरला तसं.

मामीआजी घास हातात धरून थांबली. "काय बोलते! आम्हाला तर तिने पुण्याचं नाव ऐकवून ऐकवून बेजार केलं. दर पत्रात. आमच्या पुण्याला असं नसतं!"

आतल्या खोलीत, दाराच्या मागे, खिळ्याला पत्रांची तार लटकत होती. खाली लाकडी चकती, वर आकडा, आणि तारेत ओवलेली पोस्टकार्डं आणि आंतरदेशीय पत्रं. हाताएवढी जाड चवड. सगळ्यांत खाली १९५६. "तीर्थरूप दादास शि. सा. न. वि. वि." माईचं ते टपोरं, एका रेषेत धावणारं अक्षर.

आम्ही तिघी जमिनीवर बसून वाचत होतो. आमच्या पुण्याला पाणी गोड आहे. आमच्या पुण्याला वेळेला फार मान. आमच्या पुण्याला माणसे तोंडावर खरे बोलतात. (हे तिने कौतुक म्हणून लिहिलं होतं!)

मग आत्याच्या हाती जुलै १९६१चं पोस्टकार्ड आलं. १२ जुलैला पानशेत फुटलं आणि शनिवार पेठ पाण्याखाली गेली. आत्या तेव्हा चार वर्षांची, बाबा दोन वर्षांचे. घर गेलं. भांडी, कपडे, माईचं शिवणयंत्र, सगळं. आत्या मोठ्याने वाचू लागली.

"येथे थोडे पाणी आले होते. मंडळी सर्व सुखरूप. सध्या आम्ही जागा बदलली आहे. नवी जागा मोठी व हवेशीर असून शेजार चांगला आहे. काळजी नसावी."

"हवेशीर!" आत्या म्हणाली. "शाळेचा वर्ग होता तो. पाच बिऱ्हाडं, मध्ये गोणपाटाचे पडदे. खिडकीला काचा नव्हत्या म्हणून हवेशीर!" ती हसत होती आणि डोळे पुसत होती. मामीआजीने कार्ड तिच्या हातातून घेऊन पुन्हा वाचलं. चौसष्ट वर्षं ती समजत होती, की नणंदेने त्या साली मोठं घर घेतलं.

पुढची पत्रं मग आम्ही वेगळ्या नजरेने वाचली. "सासूबाईंची प्रकृती बरी आहे, उठत नाहीत एवढेच." "ह्यांना आता रजा भरपूर मिळते." म्हणजे १९७४, आजोबांना नोकरीतून कमी केलं होतं ते वर्ष. १९८३ साली एका लग्नाला येऊन गेल्यावर माई इंदूरला पुन्हा कधीच आली नाही, पण प्रत्येक पत्राच्या शेवटी "पुढील वर्षी नक्की" आहे.

आईला हवं होतं ते पत्र मामीआजीनेच शोधून दिलं. १९८६, बाबांच्या लग्नानंतर दोन महिन्यांनी लिहिलेलं. आईने ते मनातल्या मनात वाचलं, दोनदा वाचलं, मग माझ्याकडे दिलं.

"सूनबाई गुणी आहे. मोकळी हसते, घर भरल्यासारखे वाटते. पोहे जरा कच्चे ठेवते, मी काही म्हणत नाही. बडीशेप तिला चालत नाही तेव्हा मी घालणे सोडले आहे. सवय होईल."

आईने एखादं पत्र मागितलं, पण मामीआजी कबूल झाली नाही. एक काढलं तर सगळी तार विस्कटते म्हणाली. मोबाइलवर फोटो काढू दिले, तेही आपल्या देखत. निघताना जिरावणाची पुडी, शेव आणि पाटवडीचा डबा हातात कोंबला आणि दारापर्यंत येऊन म्हणाली, "पुढल्या वर्षी नक्की या हं." आम्ही तिघींनीही मान डोलावली.

इंदूर स्टेशनवर रविवारी दुपारी गर्दी असते, अर्धा तास हाताशी ठेवा. गाडी वेळेवर सुटली. देवास गेलं, उज्जैन गेलं. आत्या नवी साडी मांडीवर उलगडून काठाची उलटी बाजू बघत होती. रतलामला अंधार पडला होता, फलाटावर शेववाले डब्यालगत धावत होते. मी खिडकीतून एक पुडा घेतला.

आई उज्जैनपासून काही बोलली नव्हती. तिने पुडा फोडला, आधी आत्यासमोर धरला, मग माझ्यासमोर.

"कच्चे नव्हते गं ते पोहे," ती म्हणाली.